आयकर विवरणपत्र स्वतः भरताना : खात्याच्या सूचना कशा वाचाव्यात

आयकर खाते दरवर्षी विवरणपत्राच्या प्रत्येक नमुन्यासाठी स्वतंत्र सूचनापुस्तिका प्रसिद्ध करते आणि ती ई-फायलिंग संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. बँकेतल्या नोकरीच्या काळात आणि आता निवृत्तीनंतर नात्यातल्या व शेजारच्या मंडळींना विवरणपत्र भरायला मदत करताना मी अनेकांना विचारून पाहिले आहे; ही पुस्तिका उघडून पाहिलेली व्यक्ती क्वचितच भेटते. लोक यूट्यूबवरची चित्रफीत पाहतात, व्हॉट्सॲपवर आलेल्या तक्त्यावर विश्वास ठेवतात, नाहीतर कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत पॅन, आधार आणि पासवर्डही निर्धास्तपणे देऊन येतात. पुस्तिकेची भाषा रुक्ष आहे, हे मान्यच करावे लागेल. पण तिच्या सुरुवातीलाच एक प्रांजळ खुलासा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पुस्तिकेत तोच सर्वांत मोलाचा आहे : या सूचना नमुना भरण्यासाठी मार्गदर्शक म्हणून दिल्या आहेत, शंका असल्यास आयकर अधिनियम १९६१ आणि आयकर नियम १९६२ यांतील तरतुदी पाहाव्यात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की सरकारी मार्गदर्शन म्हणून आपल्यासमोर जे काही येते, त्याचे वजन सारखे नसते. सर्वांच्या वर अधिनियम, त्याखाली नियम, त्याखाली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परिपत्रके, मग ही सूचनापुस्तिका आणि शेवटी संकेतस्थळावरची 'यूजर मॅन्युअल', प्रश्नोत्तरे आणि चित्रफिती. मॅन्युअल कोणते बटण कुठे दाबायचे ते अचूक सांगते, पण तुमच्या पतसंस्थेच्या ठेवीचे व्याज करपात्र आहे की नाही, हे सांगणे तिचे कामच नाही. लोकांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो : कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर ते बटणांच्या मार्गदर्शिकेत शोधतात, आणि ते तिथे सापडले नाही की खात्याला बोल लावतात.

पुढे जाण्याआधी एक खुलासा करून ठेवतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होत असून त्यात 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' या जोडीऐवजी 'कर वर्ष' ही एकच संज्ञा आहे. तरीही ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब जुन्या, म्हणजे १९६१ च्या अधिनियमानुसारच द्यायचा आहे. या लेखातले कलमांचे क्रमांक त्या जुन्या अधिनियमातले आहेत, आणि उदाहरणे प्रामुख्याने करनिर्धारण वर्ष २०२५-२६ ची, म्हणजे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातल्या उत्पन्नाची आहेत.

विवरणपत्र भरणे आपल्याला बंधनकारक आहे का, हा पहिला प्रश्न. इथे सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज म्हणजे 'कर शून्य, म्हणून विवरणपत्रही नको'. विवरणपत्राची सक्ती मूळ करमुक्त मर्यादेवर ठरते, अंतिम करावर नाही. त्या वर्षी नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत अशी ती प्रणाली) ही मर्यादा ३ लाख रुपये होती, तर सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर कलम ८७अ च्या सवलतीने शून्य होत होता. म्हणजे साडेसहा लाख करपात्र उत्पन्न असलेल्याला कर नव्हता, पण विवरणपत्र भरायचे होतेच. शिवाय उत्पन्न मर्यादेच्या आत असले तरी काही बाबी घडल्यास विवरणपत्र भरावे लागते : वर्षभरात परदेश प्रवासावर २ लाखांहून अधिक खर्च, विजेच्या बिलापोटी १ लाखाहून अधिक रक्कम, बचत खात्यांत एकूण ५० लाख किंवा अधिक जमा, किंवा वर्षभरातील करकपात, म्हणजे उत्पन्न देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला कर, २५ हजार रुपये किंवा त्याहून अधिक, ज्येष्ठ नागरिकांसाठी ही शेवटची मर्यादा ५० हजार.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक अफवा दरवर्षी नव्याने फिरते, ती म्हणजे पंचाहत्तरी ओलांडली की विवरणपत्रातून सुटका. कलम १९४प मध्ये अशी तरतूद खरोखर आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. व्यक्ती भारताची रहिवासी असावी, वय ७५ किंवा अधिक असावे, उत्पन्न केवळ निवृत्तिवेतनाचे आणि ज्या बँकेत ते निवृत्तिवेतन जमा होते त्याच बँकेतल्या ठेवींच्या व्याजाचे असावे, ती बँक सरकारने अधिसूचित केलेली असावी, आणि त्या व्यक्तीने बँकेला विहित नमुन्यात घोषणापत्र दिलेले असावे. मग बँकच कर मोजून कापून घेते. निवृत्तिवेतन राष्ट्रीयीकृत बँकेत आणि मुदत ठेवी गावच्या सहकारी बँकेत, ही आपल्याकडची नेहमीची विभागणी ज्यांची आहे, त्यांना ही सूट लागू होत नाही.

आता नमुना कोणता निवडायचा, याकडे वळू. पुस्तिकेचा हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचावा, कारण चुकीच्या नमुन्यात भरलेले विवरणपत्र कलम १३९(९) खाली सदोष ठरू शकते आणि नोटीस आल्यावर ते पंधरा दिवसांत दुरुस्त करून द्यावे लागते. 'सहज', म्हणजे आयटीआर-१, हा नमुना रहिवासी व्यक्तीसाठी, एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत, पगार किंवा निवृत्तिवेतन, घर (२०२५-२६ पर्यंत एकच) आणि व्याजासारखे इतर उत्पन्न, एवढ्यापुरता आहे. २०२५-२६ पासून त्यात सूचीबद्ध शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडांवरचा १ लाख २५ हजारांपर्यंतचा दीर्घकालीन नफाही दाखवता येऊ लागला, ही चांगली सोय झाली. आधी अशा किरकोळ नफ्यासाठी पगारदार माणसाला लांबलचक आयटीआर-२ भरावा लागे. मात्र अल्पकालीन नफा एक रुपया जरी झाला, तरी 'सहज' चालत नाही. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांसाठी आयटीआर-३, आणि गृहीत धरलेल्या दराने नफा दाखवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी 'सुगम', म्हणजे आयटीआर-४. त्यांच्या खोलात मी इथे जात नाही.

मराठी वाचकांनी पुस्तिकेतल्या 'हा नमुना कोणी वापरू नये' या यादीत तीन गोष्टी मुद्दाम शोधाव्यात. पहिली शेती. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून ते दाखवायचेच नाही, असे सातारा-सांगलीकडचे पुण्यामुंबईत नोकरी करणारे अनेक जण मानतात. प्रत्यक्षात शेतीचे उत्पन्न ५ हजार रुपयांच्या वर गेले की 'सहज' भरता येत नाही, आणि इतर उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर ठरवताना ते हिशेबात धरले जाते. शेतीवर कर लागत नाही, पण शेतीमुळे पगारावरचा कर वाढू शकतो, असा तो हिशेब आहे. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांहून अधिक असेल तर आयटीआर-२ मध्ये जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र एकरांत, ती स्वतःच्या मालकीची आहे की भाडेपट्ट्याची, बागायती आहे की जिरायती, हेही विचारले जाते. तेव्हा सातबारा हाताशी ठेवावा. दुसरी गोष्ट घर. पुण्यातला फ्लॅट आणि गावाकडचे वडिलोपार्जित घर अशी दोन घरे नावावर असतील, तर दोन्ही स्वतःच्या वापरात दाखवून कर शून्य ठेवता येतो, पण २०२५-२६ च्या 'सहज' नमुन्यात एकाच घराची जागा होती, त्यामुळे नमुना बदलावा लागे. असे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून मागच्या वर्षीचा नमुना डोळे झाकून पुढे चालवू नये.

तिसरी गोष्ट गोव्याची, आणि तिच्याबद्दल मराठीत फारसे कुणी लिहीत नाही. गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली येथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पती-पत्नींच्या सामाईक मालमत्तेच्या व्यवस्थेत जे दांपत्य मोडते, त्याच्यासाठी अधिनियमात कलम ५अ आहे. त्यानुसार पगार ज्याचा त्याच्याच नावावर राहतो, पण घरभाडे, भांडवली नफा, व्याज यांसारखे उत्पन्न पती आणि पत्नी यांच्यात समसमान विभागून प्रत्येकाच्या विवरणपत्रात दाखवायचे असते. असे विभागायचे उत्पन्न असलेल्याला 'सहज' वापरता येत नाही. आयटीआर-२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र अनुसूची आहे आणि तिथे जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो. फोंड्याचे एक परिचित कुटुंब वर्षानुवर्षे सगळे व्याज पतीच्याच नावावर दाखवत होते, कारण त्यांना विवरणपत्र भरून देणारा महाराष्ट्रातला होता आणि त्याने हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एकच वाक्य पुरे : जो त्या वर्षी अनिवासी ठरतो त्याने इथले भाडे किंवा व्याज कितीही कमी असले तरी 'सहज'च्या वाटेला जाऊ नये.

विवरणपत्र कधी भरावे, याबद्दल खात्याचे मार्गदर्शन फक्त शेवटची तारीख ठळकपणे सांगते. नेहमीची तारीख ३१ जुलै; २०२५-२६ साठी ती आधी १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली आणि अगदी शेवटी आणखी एक दिवस मिळाला. पण लवकरात लवकर कधी भरावे, हे मात्र आपल्याला इतर नियमांतून काढावे लागते. जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या करकपातीचे विवरण मालकाने व बँकेने ३१ मेपर्यंत द्यायचे असते. मोठ्या व्यवहारांची आणि व्याज-लाभांशाची माहिती खात्याला कळवण्याची मुदतही ३१ मेच आहे. आणि पगार व करकपातीचा दाखला, म्हणजे फॉर्म १६, देण्याची मुदत १५ जून. तेव्हा एप्रिलमध्येच विवरणपत्र भरून 'पहिला नंबर' लावणाऱ्यांसमोर जी माहिती दिसत असते ती अर्धीच असते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तेव्हा माहिती भरलेली असते आणि संकेतस्थळावर गर्दी झालेली नसते.

आता ज्याच्यावर सर्वाधिक वेळ द्यावा असा भाग. नोव्हेंबर २०२१ पासून खाते प्रत्येक करदात्याला वार्षिक माहिती विवरण, म्हणजे 'एआयएस' दाखवू लागले. आधीच्या २६एएस या वार्षिक तक्त्यात मुख्यतः करकपात दिसे. एआयएसमध्ये बचत खात्याचे आणि ठेवींचे व्याज, लाभांश, शेअर व फंडांची खरेदी-विक्री, मालमत्तेचे व्यवहार, जादा भरलेल्या कराचे मिळालेले परतावे असे पुष्कळ काही एकत्र येते. त्याच्या सोबत 'टीआयएस' हा गोषवारा असतो आणि विवरणपत्रात आधीपासून भरून आलेले आकडे बव्हंशी त्याच गोषवाऱ्यातून येतात. पीडीएफ उतरवली तर ती उघडण्याचा पासवर्ड म्हणजे लहान लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, हे संकेतस्थळावर लिहिलेले असूनही मला वारंवार विचारले जाते.

आधीच भरून आलेले आकडे पाहून माणसाला वाटते की सरकारनेच हिशेब केला आहे, आपण फक्त सही करायची. हे समजणे धोक्याचे आहे. एआयएसमध्ये जे दिसते ते दुसऱ्यांनी खात्याला कळवलेले असते, आणि त्यात न दिसणारे उत्पन्न जाहीर करण्याची जबाबदारी पूर्णपणे आपलीच असते. विवरणपत्राच्या अखेरीस आपण जी पडताळणी देतो तिच्यात 'माझ्या माहितीनुसार व विश्वासानुसार हे विवरणपत्र बरोबर आणि पूर्ण आहे' अशा आशयाचे विधान असते. एआयएसशी ते जुळते, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

पतसंस्थेच्या ठेवी हे याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण. महाराष्ट्रात नागरी आणि पगारदार पतसंस्थांचे जाळे गावोगाव आहे, आणि निवृत्तीची रक्कम तिथे थोड्या जास्त दराने ठेवणारी माणसे प्रत्येक घरात असतात. सहकारी बँक वगळता इतर सहकारी संस्थेने आपल्या सभासदाला दिलेल्या व्याजावर सर्वसाधारणपणे करकपात होत नाही, त्यामुळे ते व्याज २६एएसमध्ये दिसत नाही आणि एआयएसमध्येही बऱ्याचदा सापडत नाही. 'कापलेला नाही म्हणजे लागत नाही' असा सरळ अर्थ काढून लोक ते सोडून देतात. ते व्याज इतर उत्पन्नात पूर्ण करपात्र असते. संस्थेकडून वर्षाचा व्याजाचा दाखला मागून घ्यावा. न मिळाल्यास पासबुक भरून घेऊन स्वतः बेरीज करावी.

उलट बाजूही आहे. एआयएसमध्ये दिसणारा प्रत्येक आकडा आपलाच असतो असे नाही. संयुक्त खात्याचे व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर नोंदले जाते, मग पैसे दुसऱ्याचे असले तरी. अशा वेळी त्या नोंदीवर प्रतिक्रिया देण्याची सोय आहे : माहिती बरोबर आहे, पूर्णपणे बरोबर नाही, दुसऱ्या पॅनशी किंवा दुसऱ्या वर्षाशी संबंधित आहे, दुबार आली आहे, किंवा मान्यच नाही, यांपैकी योग्य तो पर्याय निवडता येतो आणि गोषवाऱ्यातला आकडा त्यानुसार बदलतो. गैरसोयीचा आकडा घालवण्याचे साधन म्हणून मात्र ही सोय वापरू नये, कारण ती प्रतिक्रिया ज्या बँकेने वा कंपनीने माहिती कळवली तिच्याकडे खातरजमेसाठी जाऊ शकते.

कुटुंब निवृत्तिवेतनाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण हे उत्पन्न बहुधा अशा स्त्रियांना मिळते ज्यांनी पतीच्या हयातीत कधी विवरणपत्र पाहिलेलेही नसते. हे वेतन पगारात नव्हे तर इतर उत्पन्नात दाखवायचे असते. त्यामुळे पगारदारांची ५० किंवा ७५ हजारांची प्रमाणित वजावट त्याला मिळत नाही. त्याऐवजी रकमेच्या एक तृतीयांश किंवा जुन्या प्रणालीत १५ हजार आणि नव्या प्रणालीत २५ हजार, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी वजावट मिळते. यासाठी 'सहज' चालतो. पुस्तिकेत ही माहिती आहे, पण ती इतर उत्पन्नाच्या रकान्याखाली दडलेली आहे, आणि शोधणारी व्यक्ती 'निवृत्तिवेतन' या शब्दामागे पगाराच्या रकान्यात जाते.

जुनी प्रणाली की नवी, यावर इतके लिहून झाले आहे की मी त्यात भर घालत नाही. खात्याच्या संकेतस्थळावरचा करगणक दोन्हींचा कर शेजारी शेजारी दाखवतो, तो वापरावा. दोन गोष्टी मात्र सांगतो. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून नवी प्रणाली आपोआप लागू होणारी आहे, आणि नमुन्यातला प्रश्न 'नव्या प्रणालीतून बाहेर पडण्याचा पर्याय निवडता का' असा विचारलेला असतो. 'हो' म्हणजे जुनी. घाईत इथे उलट उत्तर देणारे पुष्कळ आहेत. दुसरे असे की जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मूळ मुदतीतच भरावे लागते. मुदत चुकली की ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १ हजार आणि त्याहून अधिक उत्पन्नाला ५ हजार रुपये विलंब शुल्क लागते, हे सर्वांना ठाऊक असते. पण गृहकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता, विमा अशा सगळ्या वजावटींवर पाणी सोडावे लागते, ही खरी किंमत अनेकांच्या लक्षात उशिरा येते. महाराष्ट्रात पगारातून वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसायकर कापला जातो, त्याचीही वजावट जुन्याच प्रणालीत मिळते.

जुनी प्रणाली निवडणाऱ्यांकडून २०२५-२६ पासून तपशीलही अधिक मागितले जाऊ लागले : विमा पॉलिसीचा किंवा गुंतवणुकीच्या दस्तऐवजाचा क्रमांक, आरोग्य विम्याच्या कंपनीचे नाव, गृहकर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव व कर्जखाते क्रमांक, प्रत्यक्ष दिलेले भाडे. विवरणपत्राला कोणताही कागद जोडायचा नसतो, हे पूर्वीसारखेच आहे, पण विमा-गुंतवणुकीच्या वजावटीच्या कलम ८०क पुढे नुसते दीड लाख लिहून मोकळे होण्याचे दिवस संपले. मला हा बदल योग्य वाटतो. ज्याच्याकडे पावती आहे त्याला पाच मिनिटे जास्त लागतात, आणि ज्याच्याकडे नाही त्याला आकडा लिहिताना विचार करावा लागतो.

सूचना आणि कायदा यांच्यातले अंतर किती महत्त्वाचे ठरू शकते, याचे एक ताजे उदाहरण मुंबईतले आहे. ५ जुलै २०२४ रोजी, विवरणपत्रांचा हंगाम सुरू असतानाच, संकेतस्थळावरच्या प्रणालीत बदल झाला आणि नव्या करप्रणालीत शेअरवरच्या अल्पकालीन नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर कलम ८७अ ची सवलत घेणे अशक्य झाले. त्याआधी भरलेल्यांना सवलत मागता आली होती. नंतर भरणाऱ्यांना मागण्याची जागाच उरली नाही. एकूण उत्पन्न सात लाखांच्या आत असूनही कर भरावा लागलेल्या लहान गुंतवणूकदारांचा हा प्रश्न घेऊन चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये अंतरिम आदेश दिला, त्यानंतर विलंबित व सुधारित विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, आणि २४ जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने करदात्याला निदान दावा करता येईल अशी प्रणाली ठेवण्याचे निर्देश दिले. सवलत मिळणे योग्य की अयोग्य, हे न्यायालयाने त्या निकालात ठरवले नाही. ते करनिर्धारणाच्या प्रक्रियेत ठरेल, पण दावा करण्याचा मार्गच संगणकाने बंद करता कामा नये, असा त्याचा रोख होता. पुढे २०२५ च्या वित्त अधिनियमाने आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत विशेष दराच्या उत्पन्नाला ही सवलत नाही, हे कायद्यातच स्पष्ट केले, आणि तो प्रश्न तिथून पुढे मिटला.

हे प्रकरण सामान्य करदात्याने न्यायालयात जावे म्हणून सांगत नाही. एखादा रकाना उघडत नसेल किंवा आपण लिहिलेला आकडा प्रणाली स्वीकारत नसेल, तर 'म्हणजे कायद्यातच नसेल' असा निष्कर्ष लगेच काढू नये, एवढ्यासाठी सांगतो. खाते प्रत्येक नमुन्यासाठी 'व्हॅलिडेशन रूल्स' नावाचा एक दस्तऐवजही संकेतस्थळावर ठेवते. कोणत्या कारणाने विवरणपत्र अपलोडच होणार नाही, कोणत्या कारणाने ते सदोष ठरू शकते आणि कोणत्या कारणाने एखादी वजावट नाकारली जाण्याची शक्यता आहे, हे त्यात गटवार दिलेले असते. कर सल्लागार तो वाचतात. स्वतः भरणाऱ्यांनीही अडल्यावर तो चाळावा. लाल अक्षरांतल्या त्रोटक संदेशापेक्षा त्यातून कारण अधिक नीट कळते.

कर देय निघाला तर संकेतस्थळावरच्या 'ई-पे टॅक्स' मधून स्वयंनिर्धारण कर, म्हणजे आपल्या हिशेबाने उरलेला कर, भरावा आणि चलनावर करनिर्धारण वर्ष नीट तपासावे, कारण आर्थिक वर्ष आणि करनिर्धारण वर्ष यांची अदलाबदल ही या टप्प्यावरची नित्याची चूक आहे. परतावा निघाला तर बँक खाते आधी प्रमाणित करून ठेवावे. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी, म्हणजे शाखेचा संकेतांक, बदललेली जुनी खाती इथे अडतात.

विवरणपत्र सादर केले म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्यांसाठी पुस्तिकेतला पडताळणीचा भाग आहे. सादर केल्यापासून ३० दिवसांत पडताळणी व्हावी लागते. ऑगस्ट २०२२ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि अनेकांच्या डोक्यात अजून तीच आहे. आधारवरचा ओटीपी हा सर्वांत सोपा मार्ग, पण त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा. तो नसेल तर नेट बँकिंग, प्रमाणित बँक खाते किंवा डिमॅट खाते यांतून कोड मिळतो. यांपैकी काहीच जमत नसेल तर आयटीआर-व्ही या पडताळणीच्या कागदाची सही केलेली प्रत टपालाने बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे पाठवता येते. ३० दिवस उलटल्यावर पडताळणी केली तर तीच तारीख विवरणपत्र सादर केल्याची तारीख मानली जाते, आणि जुलैमध्ये भरलेले विवरणपत्र सप्टेंबरमध्ये भरल्यासारखे होऊन विलंब शुल्काच्या कक्षेत येते.

त्यानंतर केव्हातरी कलम १४३(१) खालचे सूचनापत्र ईमेलवर येते, आणि 'आयकर खात्याकडून पत्र' एवढे वाचूनच घरात धास्ती पसरते. हे पत्र जवळजवळ प्रत्येकाला येते. त्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात : तुम्ही दाखवलेला आकडा आणि खात्याने मोजलेला आकडा. दोन्ही रकाने ओळीने वाचत जावे आणि जिथे फरक पडला ती पहिली ओळ शोधावी, कारण खालच्या सगळ्या तफावती बहुधा त्याच एका ओळीतून उगवलेल्या असतात. फरक खात्याचा असेल, उदाहरणार्थ करकपातीचे श्रेय द्यायचे राहिले असेल, तर कलम १५४ खाली ऑनलाइन दुरुस्ती मागता येते. फरक आपला असेल तर मागणी मान्य करून रक्कम भरावी. परताव्यावर व्याज मिळाले असेल तर ते व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचे असते, आणि ते एआयएसमध्ये हमखास दिसते.

पत्र खरे आहे की खोटे, हेही तपासता येते. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, आणि ई-फायलिंगच्या मुखपृष्ठावर लॉगिन न करताही तो क्रमांक घालून पत्राची सत्यता पाहता येते. परताव्याचे आमिष दाखवून खाते क्रमांक आणि ओटीपी मागणारा संदेश हा खात्याचा नसतो.

मूळ विवरणपत्रात काही राहून गेल्याचे लक्षात आले, तर २०२५-२६ पर्यंत करनिर्धारण वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरता येत होते, आणि त्यासाठी कोणतेही शुल्क नव्हते. सुधारित विवरणपत्राची मुदतही गेली तर अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे; २०२२ मध्ये ती दोन वर्षांसाठी सुरू झाली आणि २०२५ पासून मुदत चार वर्षांची झाली. तिथे मात्र देय कर आणि व्याजाच्या वर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो, आणि परतावा मागण्यासाठी किंवा वाढवून घेण्यासाठी हे विवरणपत्र वापरता येत नाही. म्हणून पतसंस्थेचा व्याजाचा दाखला दिवाळीनंतर हाती आला, तर तो तसाच कपाटात न ठेवता डिसेंबर संपण्याआधी सुधारित विवरणपत्र भरून टाकावे.